तुकोबांचा जिना आणि संचारी भाव

तुकोबांच्या गाथेत एक जिना आहे, असे धरूनच आपण ती वाचत आलो. खालच्या पायऱ्यांवर दुष्काळ, दिवाळे, पहिल्या पत्नीचा अन्नावाचून झालेला मृत्यू आणि त्यातून आलेला उद्वेग. मधल्या पायऱ्यांवर देवाशी भांडण, तळमळ, स्वतःचा तिटकारा. आणि वर गच्चीवर आनंद. कीर्तनकार असेच सांगतात, पाठ्यपुस्तकांतले परिचय असेच सांगतात, आणि चरित्रपर नाटक-सिनेमांना तर दुसरे काही सांगताच येत नाही, कारण त्यांना शेवट हवा असतो. मीही पंचवीसेक वर्षे गाथा अशीच वाचली. आता मला असे वाटते की हा जिना गाथेत नाही, तो आपण नेऊन लावला आहे. आणि तो लावल्यामुळे पडत्या मनाच्या अभंगांचे वाचन तर बिघडलेच, पण ते अभंग वाचणाऱ्या पडत्या मनाच्या माणसांचेही नुकसान झाले.

हे दुसरे मला घरातच पाहावे लागले, म्हणून सांगतो. माझा थोरला भाऊ साखर कारखान्याच्या काट्यावर नोकरीला होता. निवृत्तीनंतर त्याने गावच्या विठ्ठलमंदिरात रोज संध्याकाळी गाथेतले पाच अभंग वाचून त्यांवर चार शब्द बोलायला सुरुवात केली. तरुणपणापासून त्याला मनाच्या पडझडीचे दिवस येत. महिना-दोन महिने तो कुणाशी बोलत नसे, ताटावरून तसाच उठे. गाथावाचन सुरू झाल्यावर चार वर्षे असे काही झाले नाही. पाचव्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला ते परत आले. औषधोपचार झाले, त्यांचा गुणही आला. पण बरा झाल्यावरही दादा मंदिरात जाईना. विचारले तेव्हा म्हणाला, “वर जाऊन घसरलो रे. पुन्हा खालून सुरुवात करायला आता वय राहिलं नाही.”

हा जिना त्याने स्वतः बांधलेला नव्हता. तो कुठून आला, याचा शोध मी तेव्हापासून घेऊ लागलो.

जिन्याला विद्वत्तेची बैठक मिळाली ती गुरुदेव रा. द. रानडे यांच्या ‘मिस्टिसिझम इन महाराष्ट्र’ या १९३३च्या ग्रंथात. तुकोबांच्या उद्वेगाच्या अभंगांना त्यांनी ‘आत्म्याची काळोखी रात्र’ या नावाखाली आणले. ही कल्पना सोळाव्या शतकातल्या सेंट जॉन ऑफ द क्रॉस या स्पॅनिश संतकवीची. ईश्वराशी एकरूप होण्याआधी जीवाला अंधारातून जावे लागते, तो अंधार म्हणजे शुद्धीकरण, आणि त्याच्या पलीकडे पहाट. रानड्यांचे ऋण मोठे आहे, हे आधी म्हटले पाहिजे. ते स्वतः साधक होते, आणि इतर भाष्यकार जे अभंग ‘लोकांना शिकवण्यासाठी घेतलेली भूमिका’ म्हणून गुंडाळून ठेवत, ते त्यांनी खऱ्या यातनेचे म्हणून वाचले. सेंट जॉननेही त्या वाटेवरचे चढउतार सांगितले आहेत, ते सोडून देऊ नये. तरीही शेवटी त्याची ती शिडीच आहे. रात्र एकदा संपली की ती संपायची असते. मग ती पुन्हा आली, तर माणसाने काय समजावे? दादाने समजले तेच.

आता गाथेकडे पाहू. तुकोबांचा जन्म १६०८चा, आणि पुढच्या चाळीसेक वर्षांत हे सारे काव्य झाले. पण अभंगांवर तारखा नाहीत. शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णु परशुराम शास्त्री पंडित यांनी देहू, पंढरपूर, तळेगाव, कडूस इथल्या हस्तलिखितांवरून गाथा सिद्ध केली. तिचे दोन खंड १८६९ आणि १८७३ साली निघाले. पुढे १९५०ची शासकीय गाथा त्याच वाटेने आली. तिच्यात साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत. काही प्रसंगांचे गट आहेत, काही प्रकारांचे, जसे बाळक्रीडेचे किंवा विरहिणींचे. पण आधी लिहिलेले आधी आणि मागून लिहिलेले मागून अशी मांडणी नाही. म्हणजे अमुक उद्वेगाचा अभंग अमुक आनंदाच्या अभंगाआधी रचला गेला, असे म्हणायला गाथेच्या क्रमाचा आधार मिळत नाही. आपण उद्वेग दिसला की तो ‘आधीचा’ ठरवतो, आनंद दिसला की ‘नंतरचा’, आणि मग त्याच क्रमावरून प्रगती सिद्ध करतो. हा वर्तुळात फिरणारा पुरावा झाला.

मी एक खटाटोप करून पाहिला. शासकीय गाथा घेऊन एका वहीत प्रत्येक अभंगापुढे त्याच्या भावाचे आद्याक्षर लिहू लागलो. वि म्हणजे विषाद, ह म्हणजे हर्ष, असे. तीन महिन्यांनी सोडून दिले. कारण एकेका अभंगापुढे दोन-दोन, तीन-तीन अक्षरे पडू लागली. रुसवा सुरू होई आणि दोन चरणांत त्याची लाज वाटू लागे. लाजेतून लाड, लाडातून पुन्हा तक्रार. माझी वही फुकट गेली, पण हे लक्षात आले की इथे प्रत्येक अभंगाला एक पायरी वाटून देणे शक्य नाही. इथे हवामान आहे.

हवामानासाठी आपल्याकडे शब्द होता: संचारी भाव. मूळ नाव व्यभिचारी भाव. मराठीत त्या शब्दाचे पुढे जे झाले ते झाले, म्हणून मी संचारीच म्हणतो. त्यातही गंमत आहे. आपल्याकडे ‘अंगात संचार झाला’ असे देवीबद्दल म्हणतात. जी येते, बोलते, घुमवते आणि जाते, आणि जिला जमलेले लोक न घाबरता विचारतात, ‘कोण आहेस, काय हवं?’ सध्या मात्र संचार म्हटले की आपल्याला संचारबंदीच आठवते, आणि मनाच्या बाबतीतही आपला कल तिकडेच असतो.

‘नाट्यशास्त्रा’च्या सातव्या अध्यायात एकूण ४९ भाव आहेत: आठ स्थायी, आठ सात्त्विक आणि ३३ संचारी. मराठीत रसचर्चा पुष्कळ झाली. के. ना. वाटवे यांच्या ‘रसविमर्शा’पासून (१९४२) ग. त्र्यं. देशपांडे यांच्या ‘भारतीय साहित्यशास्त्रा’पर्यंत (१९५८) तिची मोठी परंपरा आहे. पण वाद रंगले ते रस किती, भक्तिरस वेगळा मानायचा का, करुणातून आनंद कसा होतो, यांवर. तेहतिसांची यादी परीक्षेपुरती पाठ होत राहिली. मी संस्कृत शाळेत शिकलो नाही. र. पं. कंगले यांच्या ‘रस-भाव-विचार’ या ग्रंथात सहाव्या-सातव्या अध्यायांचे आणि त्यांवरच्या अभिनवगुप्तांच्या टीकेचे मराठी भाषांतर हाती आले तेव्हा मी ती यादी पहिल्यांदा धडपणे वाचली, आणि चकित झालो.

निर्वेद, ग्लानी, शंका, असूया, मद, श्रम, आलस्य, दैन्य, चिंता, मोह... यादी अशी सुरू होते. तिच्यात हर्ष आहे, गर्व आहे, धृती आहे. म्हणजे धीर हासुद्धा येणारा-जाणाराच! भरत हे भाव चांगले-वाईट असे वेगळे करत नाही. प्रत्येकाची कारणे सांगतो आणि अंगावरच्या खुणा सांगतो. ग्लानीची कारणे पाहा: ओकारी, जुलाब, आजार, उपवास, मनस्ताप, फार चालणे, भूक, तहान, झोपमोड. निर्वेदाच्या कारणांत दारिद्र्य आहे, अपमान आहे, मार खाणे आहे, प्रिय माणसाचा वियोग आहे. आणि त्याच ओळीत तत्त्वज्ञानही आहे. उपाशी माणसाचा उबग आणि ज्ञान्याचा उबग एकाच घरात बसवायला त्याला संकोच वाटत नाही. विषादाच्या बाबतीत मात्र त्याने माणसांच्या प्रती लावल्या आहेत. उत्तम-मध्यम माणूस विषादात साहाय्य शोधतो, उपाय चिंततो. हलक्या प्रतीच्या माणसाचे तोंड सुकते, तो ओठांचे कोपरे चाटतो, सुस्कारे टाकतो. ही प्रतवारी मला मान्य नाही. कोरड पडलेले तोंड मी चांगल्या चांगल्यांचे पाहिले आहे.

हे भाव रसाला ‘नेतात’, असे भरत सांगतो, आणि मग स्वतःच विचारतो की नेतात म्हणजे काय? उत्तर असे की सूर्य दिवसाला नेतो असे लोक म्हणतात, तसे. सूर्य काही दिवसाला हातांवर किंवा खांद्यावर उचलून नेत नाही. मला हे स्थळ फार आवडते. भाव जातो तो कुणी ढकलून नव्हे.

दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात माळव्यात मुंज राजाच्या पदरी असलेल्या धनंजयाने ‘दशरूपका’त संचारींना समुद्रातल्या लाटांची उपमा दिली. वर येतात, बुडतात. अभिनवगुप्तांनी माळेची उपमा घेतली. स्थायी हा रंगीत दोरा, आणि संचारी म्हणजे त्यात विरळ ओवलेले मणी, कुठे स्फटिक, कुठे काच, कुठे माणिक, कुठे पाचू. मण्यांतून दोऱ्याचा रंग दिसतो आणि मणी आपलीही छटा त्याला देतात. पण त्याहून मोलाचे मला त्यांचे एक साधे निरीक्षण वाटले. ‘हा माणूस ग्लान आहे’ असे कुणी म्हटले की ऐकणारा लगेच विचारतो, ‘कशाने?’ ‘राम उत्साहशाली आहे’ असे म्हटले तर मात्र कुणी ‘कशाने?’ विचारत नाही. हा प्रश्न मनात येतो यातच त्या भावाचे अस्थिरपण दिसते, असे अभिनवगुप्त म्हणतात. ज्याला कारण आहे ते कारणासरशी येते आणि त्याच्याबरोबर ओसरते.

‘हेही दिवस जातील’ ही आपली नेहमीची समजूत आणि हे निरीक्षण यांत मला मोठे अंतर दिसते. समजूत घालणारा पुढच्या दिवसाकडे बोट दाखवतो. बिचाऱ्याचा आजचा दिवस तसाच राहतो. अभिनवगुप्तांच्या उदाहरणातला माणूस आजच्याकडेच पाहतो आणि विचारतो, कशाने?

या नजरेने गाथा पुन्हा उघडली. वह्या इंद्रायणीत बुडाल्या, तुकोबा तेरा दिवस काठावर उपाशी धरणे देऊन बसले, आणि वह्या वर आल्या. जिना लावणाऱ्यांसाठी हा कळस. यानंतर केवळ आनंदीआनंद हवा. पण त्या प्रसंगाच्या अभंगांत वह्या मिळाल्यावर पहिल्यांदा येते ती लाज. आपण फार मोठा अन्याय केला, एवढ्यासाठी देवाला शिणवले, त्याला पाण्यात उभे केले, याची. भरताच्या यादीत व्रीडा आहे ती हीच. कळसावर पाऊल पडले आणि पुढचा मणी वेगळ्याच रंगाचा निघाला. याला घसरणे म्हणायचे?

किंवा तो डोहाचा आणि तरंगांचा सर्वांच्या तोंडी असलेला अभंग घ्या. गाथेचे शिखर म्हणून आपण तो गातो. त्यात धनंजयाचीच लाट आहे, फक्त डोह आणि लाट एकाच द्रव्याची असल्याचे तुकोबा जास्त ठासून सांगतात. पण त्याच अभंगात डोहाळ्यांचा दृष्टान्त येतो. पोटातल्या गर्भाची आवड आईच्या इच्छेत उमटते. शिखरावरच्या आनंदासाठी तुकोबांना सुचते ते डोहाळ्यांचे. म्हणजे आज चिंच, उद्या माती, परवा काही नको. डोहाळे कायमचे लागत नाहीत. गर्भ मात्र वाढत असतो.

आणि अगदी खालचा म्हणून जो दाखवला जातो तो अभंग, ज्यात माझ्यापुरता देव मेला असे ते म्हणतात. आता त्याचे नाव घेणार नाही, गोष्ट काढणार नाही, दोघांचे तुटले. रानड्यांच्या वाचनात हा रात्रीचा मध्य. मला त्यात आणखी एक दिसते. नाव घेणार नाही हे सांगायला या माणसाने अभंगच रचला. मोजून चरण बांधले, शेवटी ‘तुका म्हणे’ घातले. ‘तुका म्हणे’ हा तृतीयपुरुष मला अलीकडे महत्त्वाचा वाटू लागला आहे. जो तुटून पडला आहे त्याच्याकडे, निदान शेवटच्या चरणापुरता, कुणीतरी शेजारी उभा राहून पाहतो. तो दिलासा देतो असे नाही. पुष्कळदा त्या चरणात दिलासा नसतोच. फक्त अभंग तिथे संपतो, आणि दुसरा दुसऱ्या भावाने सुरू होऊ शकतो.

मग दोरा कोणता? शास्त्राप्रमाणे स्थायी हाही भावच हवा. गौडीय वैष्णव आचार्य रूप गोस्वामींनी सोळाव्या शतकात भगवंताविषयीची रती हा स्थायी मानून तेहतिसाही संचारी भक्तीत बसवून दाखवले. तुकोबांना ते लावता येईल, पण मला ते पुरेसे वाटत नाही. ज्या दिवशी देव मेला त्या दिवशी रती कुठे शोधायची? ती ‘सुप्त होती’ असे म्हणणे सोपे आहे. सिद्ध करणे कठीण. माझा तर्क असा, आणि जाणकारांनी तो तपासावा, की वारकऱ्यांनी दोऱ्याच्या जागी भावाऐवजी नेम घातला. एकादशी पंचांगाप्रमाणे येते; त्या दिवशी तुमचे मन कसे आहे हे ती विचारत नाही. आषाढी-कार्तिकीची वाट, संध्याकाळचा हरिपाठ, कीर्तन हे सारे मनःस्थितीवर सोडलेले नाही. मन चंचल आहे हे गृहीत धरूनच ही व्यवस्था झालेली दिसते. तुकोबांनी कर्मकांडावर आसूड ओढले, हे खरे. पण एकादशी आणि कीर्तन यांबाबत ते किती कडक आहेत, तेही गाथेतच आहे. समीक्षकांना तुकोबांत जी विसंगती दिसते, ती मण्यामण्यांतली विसंगती आहे, असे मला म्हणायचे आहे.

वारकरी कल्पनेत पायरी आहेच, पण ती कोणती? पंढरपूरच्या महाद्वारातली नामदेवांची. भक्तांचे पाय लागावेत म्हणून ती मागून घेतलेली. चढून जाण्यासाठी नाही, तिथेच राहण्यासाठी.

यावर एक आक्षेप मलाच छळतो. ज्याचे मन पडले आहे त्याला नेम कसा झेपावा? अंथरुणातून उठवत नाही, त्याला हरिपाठ सांगणे हा क्रूरपणा होईल. भरताच्या यादीत जडता आहे, व्याधी आहे, उन्माद आहे. व्याधीचे वर्णन करताना तो वात-पित्त-कफांची आणि ज्वराची भाषा बोलतो, म्हणजे तिथे वैद्य लागतो हे त्याला ठाऊक आहे. आणि ३१वा भाव मरण आहे. मरण हा संचारी कसा, हे कोडे पुढच्यांनाही पडलेले दिसते. धनंजयाने ते प्रसिद्ध आणि अनिष्ट म्हणून व्याख्या करायचेच टाळले. तुकोबांचा समकालीन असलेल्या, शाहजहानच्या दरबारातल्या जगन्नाथ पंडिताने मरण म्हणजे मरणापूर्वीची मूर्च्छेसारखी अवस्था, असा अर्थ केला. या यादीत सगळे येते आणि जाते. एक आले की मात्र माणूसच जातो, याची जाण शास्त्रकारांना होती. म्हणून ‘भाव तात्पुरते असतात’ हे वाक्य कुणाच्या तोंडावर फेकून निघून जाण्यासारखे नाही.

आक्षेपाचे पुरे उत्तर माझ्याकडे नाही. जे आहे ते ग्रंथातले नाही, सप्ताहातले आहे. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, रात्री-अपरात्रीही. पहारे लावलेले असतात. कुणाच्यानेही सात दिवस उभे राहवणार नाही हे सर्वांना माहीत असते, आणि कुणी आपला पहारा संपवून झोपायला गेला तर तो घसरला असे कुणी म्हणत नाही. नेम हा एकट्याचा असतो, असे मी उगीचच धरून चाललो होतो.

यंदाच्या सप्ताहात दादाला रात्री दोन ते चारचा पहारा दिला. नाहीतरी त्याला त्या वेळी झोप नसते, असे मंडळींतलाच एकजण सहज म्हणून गेला. हे मी ऐकले आणि मला वाईट वाटले. दादा मात्र हसला. तिसऱ्या रात्री मी चहा घेऊन गेलो तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. ओळखीचा उतरलेला. इतकी वर्षे मी अशा वेळी एकतर ‘पुन्हा?’ म्हटले आहे, नाहीतर ‘होईल बरं’. या वेळी विचारले, “कशानं?”

त्याने जरा विचार केला. “दुपारची गोळी राहिली,” तो म्हणाला. “आणि पाय भरून आलेत.” मग चारचे ठोके पडले, पुढचा वीणेकरी डोळे चोळत आला, आणि दादाने मान वाकवून वीणा काढून त्याच्या गळ्यात घातली.